सोलोमियाच्या मागोमाग

पायात जाड लोकरी मोजे चढवा. एकावर एक दोन घातलेत तरी चालेल, कारण आपण उतरणार आहोत तिथे जानेवारीचा बर्फ पोटरीपर्यंत साचलाय. कानटोपी घ्या. घड्याळ मात्र काढून ठेवा, त्याचा उपयोग नाही. डोळे मिटा आणि एक पाऊल पुढे टाका.

आलात? श्वास बेताने घ्या. हवा इतकी गार आहे की नाकपुड्या आतून चिकटल्यासारख्या वाटतील. हे बिला गाव. पश्चिम युक्रेनमधल्या तेर्नोपिल शहराच्या अगदी जवळचं. साल १८८० च्या अलीकडे-पलीकडे, पण इथे आज सालाची चौकशी कुणी करत नाहीये. ख्रिसमसची आदली संध्याकाळ आहे आणि सकाळपासून कुणी पोटभर खाल्लेलं नाही. गावातलं प्रत्येक पोर खिडकीच्या काचेवरचा बर्फ फुंकरीने वितळवून आकाशाकडे बघतंय. पहिली चांदणी दिसली की जेवण. त्याआधी एक घासही नाही.

समोरच्या घराचं दार ढकला. हे गावच्या धर्मगुरूंचं घर. आत शिरल्याबरोबर ऊब तोंडावर आदळते. मातीच्या भल्यामोठ्या चुलीत लाकडं फुटतायत. दाराशी ठेवलेल्या बुटांच्या चामड्याला लावलेल्या डांबराचा उग्र वास आहे, वाळत घातलेल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटांचा ओला वास आहे आणि या सगळ्यावर मात करणारा मधाचा वास आहे. स्वयंपाकघरात कुणीतरी खडबडीत मातीच्या कुंड्यात लाकडी दांड्याने खसखस घोटतंय. हात भरून येईपर्यंत घोटायची, तेव्हा तिचं दूध सुटतं. तुम्ही रिकामे उभे दिसलात की दांडा तुमच्या हातात येणार. नाही म्हणू नका, बसा आणि घोटा.

धर्मगुरूंचं घर आणि घरभर मुलं, याचं नवल वाटलं का? इथले ग्रीक कॅथलिक धर्मगुरू लग्न करतात, संसार करतात. हे आम्वरोसी क्रुशेल्नित्स्की, ती त्यांची बायको तेओदोरा. या घरात पुस्तकं आहेत, पियानो आहे आणि गाणं तर सदासर्वदा चालूच असतं. वडील गावातल्या लोकांना जमवून गायला शिकवतात, मुलं त्यांच्या आसपास घुटमळत सगळं उचलतात.

“सोलोमिये!” तेओदोरा हाक मारते.

ती बघा आली. आठ-नऊ वर्षांची, गाल लाल झालेले, वेणीत गवताची काडी अडकलेली. टेबलावरच्या चादरीखाली सुकं गवत पसरायचं काम तिच्याकडे असावं. येशू गोठ्यात जन्मला, म्हणून हे गवत. कोपऱ्यात गव्हाची आख्खी पेंढी उभी केलीय, घरातल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला द्यावा तसा मान तिला आहे. टेबलाच्या चार कोपऱ्यांवर लसणाच्या पाकळ्या ठेवल्यात, घराला नजर लागू नये म्हणून. आणि एक ताट जास्तीचं मांडलंय. तिथे बसू नका. ते घरातल्या गेलेल्या माणसांसाठी आहे.

चांदणी दिसली! पोरं ओरडली, सगळे टेबलाभोवती उभे राहिले. बारा पदार्थ आहेत आणि एकातही मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. आधी कुत्या चाखायची: शिजवलेला गहू, त्यात मध आणि तुम्ही घोटलेली ती खसखस. गव्हाचा दाणा दाताखाली फुटतो, मध टाळूला चिकटतो. मग बिटाचं आंबटगोड लालभडक बोर्श्च, त्यात रानातल्या वाळवलेल्या अळंब्या भरलेले इवलेसे कानोले. तळलेला मासा, कोबीच्या पानात गुंडाळलेलं सारण. शेवटी धुरावर वाळवलेल्या नासपती आणि प्लमचा काढा. पहिल्या घोटाला चूल चाटल्यासारखं वाटेल, तिसऱ्या घोटाला आणखी मागाल. काही घरांत तर चमचाभर कुत्या छताला फेकून मारायची रीत आहे. जितके दाणे वर चिकटतील तितकं वर्ष भरभराटीचं. तुमच्या शेजारचं पोर चमचा भरून छताकडे बघायला लागलं, तर डोकं वाचवा.

आता बाहेर बर्फ करकरतोय. गाणारे आले. दार उघडतं, गार वारा आणि दहाबारा माणसं एकदम आत येतात. कागदी तारा काठीवर, एकाने बोकडाचं सोंग घेतलेलं, पुरुषांच्या मिशांवर दहिवर गोठलेलं. आणि ती गायला लागतात. नीट ऐका. एकाने सूर धरला, दुसरा खालून आला, तिसरी बाई वरून निघून गेली. कुणी कुणाला खूण केली नाही. पेटी नाही, तंतुवाद्य नाही. सोलोमिया भिंतीला पाठ लावून उभी आहे. तिचे ओठ हलतायत, पण ती जास्त करून ऐकतेय.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्येही हेच. मेणबत्त्यांचं मेण आणि धूप यांचा दाट वास, माणसांच्या श्वासांची वाफ, खांद्याला खांदा लागलेला. ऑर्गन शोधू नका. या पूर्वेकडच्या विधीत वाद्याला जागाच नाही, देवापुढे जायचं ते माणसाच्या गळ्याने. सगळी उपासना गात चालते, आणि ती चुकली तर सावरायला एकही वाद्य नाही. शेजारच्याचा सूर कानात ठेवून आपला सूर लावायचा, एवढाच आधार. तुमच्या डाव्या हाताचा शेतकरी खर्ज लावतो तेव्हा तुमच्या बरगड्या थरथरतात. पुढे मोठमोठ्या नाट्यगृहांनी डोक्यावर घेतलेल्या गळ्याची पहिली शाळा तुम्ही आत्ता पाहताय. फी नाही, हजेरी नाही आणि गुरुजी म्हणजे सगळं गाव.

चला, थोडं पुढे सरकू. कोट काढा. ईस्टर आलंय, चिखल वाळलाय, चर्चच्या अंगणात पोरी हात धरून फेर धरतायत. या फेरातल्या गाण्यांना हायिव्की म्हणतात. उन्हाने तापलेल्या गवताचा वास येतोय, नक्षीच्या सदऱ्यांवर घामाचे डाग पडलेत. एक घामेजलेला छोटा हात तुमच्या हातात येतो आणि तुम्ही फेरात ओढले जाता. पाय चुकला तरी कुणी थांबणार नाही. दोन फेऱ्यांत पाय आपोआप बसतो. मग उन्हाळ्यात याच पोरी शेतातून परतताना गातात, बायका कापणी करताना गातात, लग्नात गातात, मर्तिकाला गातात. धर्मगुरूंची लेक त्यांच्यात मिसळून हिंडते आणि गाणी जमवत जाते. तेर्नोपिलला बाजार भरतो तेव्हा वडिलांबरोबर गाडीतून जाते: घोड्यांची लीद, खारवलेले मासे, यिद्दिश, पोलिश आणि युक्रेनियन या तीन भाषांत चाललेली घासाघीस. त्याच शहरात, दहा-बारा वर्षांची असताना, ती कवी शेव्चेन्को यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा लोकांपुढे गायकवृंदात उभी राहते.

आता बूट बदला. बर्फातले इथेच ठेवा, शहरातले घाला. एप्रिल १८९३, ल्विव्ह.

जपून! घंटी वाजवत येणारी ती ट्राम घोडा ओढतोय. रूळ दगडी फरसबंदीत बसवलेले आहेत आणि घोड्याने मागे काय टाकलंय ते तुम्हाला दिसायच्या आधी कळेल. कोळशाचा धूर, भाजलेली कॉफी, ओला दगड. केकच्या दुकानाच्या दारातून लोणी आणि दालचिनी रस्त्यावर सांडतेय. रात्री घरोघर जळणारा रॉकेलचा दिवासुद्धा याच शहरातला. १८५३ साली इथल्या एका औषधाच्या दुकानात तो तयार झाला.

आपल्याला स्कार्बेक थिएटरला जायचंय. गर्दी तिकडेच चाललीय, लोंढ्याबरोबर चला. आत शिरताच रेशमाची सळसळ, केसांना लावलेलं सुगंधी तेल, दमट लोकर. वरच्या स्वस्त जागांवर विद्यार्थी एकमेकांच्या पाठीला टेकून बसलेत. तुम्हीही तिथेच घुसा, खरं ऐकणारे तिथे असतात. तुमच्या मागच्या दोघी कुजबुजतायत आणि त्यांचं कुजबुजणं ऐकू नये असं त्यांना अजिबात वाटत नाहीये. धर्मगुरूची मुलगी रंगमंचावर! ठरलेलं लग्न मोडलं म्हणे. तोही धर्मगुरू व्हायला निघालेला मुलगा. आणि बापाने काय करावं? तिला आवरायचं सोडून तिच्या शिक्षणाला कर्ज काढलं!

हे सगळं खरं आहे. लग्न करायचं तर रंगमंच सोडावा लागणार होता. तिने लग्न सोडलं. वडिलांनी लोकांच्या तोंडाला लागायच्या ऐवजी पैशाची तजवीज केली, आणि ती इथल्या संगीतशाळेत वालेरी विसोत्स्की यांच्याकडे शिकायला आली. धर्मगुरूंच्या घरांतून या गोष्टीचे काय पडसाद उठले असतील, याचा अंदाज मागच्या दोघींवरून घ्या.

पडदा वर जातो. दोनिझेत्तीचा ऑपेरा, “ला फावोरिता”. वीस वर्षांची सोलोमिया लिओनोराच्या वेशात पुढे येते. लिओनोरा राजाची रखेल आहे आणि मठ सोडून आलेल्या एका तरुणावर तिचा जीव जडलाय. भूमिका ऐकून मागच्या दोघींनी एकदम श्वास आत घेतला. पण तो श्वास त्यांनी सोडला नाही, कारण आवाज सुरू झाला होता. भरदार, खोल, कुठेही न अडखळणारा. वाद्यवृंद एवढा मोठा आहे, तरी ती त्याच्यावर ओरडत नाही. ती व्हायोलिनांचं ऐकते आणि त्यांच्यात आपली जागा करून घेते. तुम्ही ओळखलंत ना हे कुठे शिकली ते? तुमच्या शेजारचा विद्यार्थी उठून उभा राहिलाय. टाळ्या सुरू झाल्यात, वरची लाकडी गॅलरी पायांच्या ठोक्यांनी हलतेय. कठडा घट्ट धरा.

इथून ती इटलीला जाते. मिलानमध्ये फाउस्ता क्रेस्पी तिचा गळा तपासतात आणि सांगतात की तू मेझो नाहीस, सोप्रानो आहेस. म्हणजे आता वरची पट्टी धरा, श्वास बदला, पाया नव्याने घाला. एका शहराने डोक्यावर घेतलेल्या गायिकेने पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करायची! ती करते. भाड्याच्या खोलीत सकाळी सूर, मग इटालियन भाषा, मग अभिनय, मग पुन्हा सूर. आपण तिथे फार थांबू नये. ती काम करतेय.

आता हलके कपडे घाला. २८ मे १९०४, उत्तर इटलीतलं ब्रेशा.

पो नदीच्या मैदानातला मे महिना आहे. दुपारभर तापलेल्या भिंती रात्रीही गरम आहेत. तेआत्रो ग्रांदेच्या दारापुढे मिलानहून आलेल्यांची गर्दी आहे. आगगाडीतल्या धुळीने त्यांच्या पांढऱ्या कॉलरी मळल्यात. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: फेब्रुवारीत मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पुच्चिनींच्या “मादामा बटरफ्लाय” या ऑपेराची लोकांनी कशी दैना केली. पहाटेच्या प्रसंगात खरं वाटावं म्हणून पाखरांच्या शिट्ट्या वाजवल्या, तर प्रेक्षकांनी कोंबड्या-बैलांचे आवाज काढले. किमोनो वाऱ्याने फुगला, तर गॅलरीतून अचकट टोमणा आला. पुच्चिनींनी तो खेळ मागे घेतला, काटछाट केली, लांबलचक दुसरा अंक मधून तोडला, नायकासाठी एक नवं गीत घातलं. आणि नायिकाही बदलली. आजच्या पत्रकावर नाव आहे सालोमेआ क्रुशेनिस्की. इटालियन लोकांच्या जिभेला जमेल असं.

आत चला. नालाच्या आकाराचं प्रेक्षागृह, मजल्यावर मजले चढत गेलेल्या सोनेरी बैठका, लाल मखमल. मखमलीवर हात ठेवलात तर तो घामाने चिकटेल. पंखे फडफडतायत, पावडर आणि सिगारचा वास एकमेकांत मिसळलाय. पडद्यामागे पुच्चिनी लंगडत येरझाऱ्या घालतायत. गेल्या वर्षी मोटारीच्या अपघातात त्यांचा पाय मोडला होता. इथे कुणी कुणाचा गळा कापायला आलेलं नाही, पण सगळे सावध आहेत. मिलानने नाकारलेलं आपण उचलून धरायचं की नाही?

मग डोंगर चढून येणाऱ्या पोरींचे आवाज दुरून येतात. अजून दिसत कुणीच नाही. त्या सगळ्यांच्या वर एक आवाज उठतो आणि जवळ जवळ येत जातो. बटरफ्लाय अशीच येते, आवाज आधी, माणूस मागून. ती दिसते तेव्हा तुम्ही तिला ओळखत असता. बिलाच्या अंगणातल्या फेरात तुम्ही तिचा हात धरला होता, विसरलात? तशाच मैत्रिणींच्या घोळक्यातून, त्यांच्या सुरांवर पाय देत, ती वर आलीय.

दुसऱ्या अंकात ती खाडीकडे बघत सांगते की एक दिवस धुराची रेघ दिसेल, जहाज येईल, दूर गेलेला नवरा येईल. ती जागची हलत नाही. हातही फारसे हलवत नाही. तुमच्या समोरच्या जाड्या गृहस्थाचा पंखा थांबलाय. गाणं संपतं, आणि मग जे होतं त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे. गंधर्वांच्या काळात आपल्या आजोबांनी पिटातून दिलेला तोच आरोळीवजा हुकूम: वन्समोअर! इटालियन लोक “बिस” म्हणतात, घसे मात्र तसेच बसतात. तुम्हीही ओरडा, इथे कुणी तुम्हाला ओळखत नाही. आज रात्री अशी किती गाणी पुन्हा घ्यावी लागतील आणि पुच्चिनींना किती वेळा पडद्यापुढे यावं लागेल, याचा हिशेब ठेवू नका. हात टाळ्यांना मोकळे हवेत.

पण टाळ्यांपेक्षा एक जागा मला तुम्हाला दाखवायची आहे, तिच्यासाठी गप्प बसा. रात्र पडलीय. बटरफ्लाय घराच्या कागदी पडद्याला भोकं पाडून बाहेर बघत उभी आहे. मूल झोपतं, दासी झोपते. ती उभीच. आणि पडद्यामागून गायकवृंद तोंड मिटून गुणगुणायला लागतो. शब्द नाहीत, नुसता सूर. तीन महिन्यांपूर्वी हसणाऱ्या लोकांपैकी काहीजण आज इथे बसलेत आणि हसू कुणालाच येत नाहीये. या वेळी सोलोमिया काहीच गात नाही. ती फक्त ऐकतेय. आणि सगळं नाट्यगृह तिच्या ऐकण्याकडे बघतंय. स्वतः न गाताही एवढ्या माणसांना धरून ठेवायचं बळ तिला कुठून मिळालं, हे ब्रेशात फार थोड्यांना ठाऊक असेल. तुम्हाला ठाऊक आहे. पाठ भिंतीला लावून ओठ हलवत ऐकणारी ती पोर तुम्ही पाहिलीय.

एक उडी घेऊन १९०६ च्या डिसेंबरात ला स्कालात डोकावू. तोस्कानीनी वाद्यवृंदापुढे उभे आहेत, ऑपेरा आहे रिचर्ड स्ट्राउसचा “सालोमे”, आणि सालोमेच्या भूमिकेत आपली सोलोमिया. बायबलच्या जगात या नावाच्या दोघीजणी: एक राजवाड्यातली, जिच्या नाचाची किंमत एका संताच्या शिराने चुकवली गेली, आणि दुसरी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या थडग्यापाशी गेलेली. धर्मगुरू बापाच्या मनात बारशाच्या वेळी दुसरी असणार. लेकीने रंगमंचावर पहिलीला उभं केलं, तेही तेवढ्याच निष्ठेने.

कोट परत घाला. मफलरही. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय आणि आपण पुन्हा ल्विव्हमध्ये आहोत.

जिना चढताना कठड्याला धरा, दिवा नाही. जिन्यात उकडलेल्या कोबीचा आणि ओल्या भिंतींचा वास आहे. हे घर तिने १९०३ साली आपल्या कमाईतून घेतलं होतं. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ती इटलीहून माणसांना भेटायला आली, महायुद्ध सुरू झालं आणि परतीची वाट बंद झाली. घर सरकारने घेतलं, तिच्यासाठी त्यातला एक मजला ठेवला. इटालियन नवरा आधीच वारला होता. समुद्रकाठच्या विआरेज्जोतला बंगलाही पुढे विकावा लागला.

दार ठोठावा. सत्तरी ओलांडलेली, ताठ मानेची बाई दार उघडते. खोलीत पियानो आहे आणि चुलीत जेमतेम जळण. पियानोशी उभ्या असलेल्या मुलीने कोट काढलेला नाही. तिच्या हातमोज्यांची टोकं कापलेली आहेत. ती गाते तेव्हा वाफ दिसते. सोलोमिया तिला थांबवते, श्वास कुठे चोरला ते दाखवते आणि स्वतः म्हणून दाखवते. त्या एका ओळीत खोली बदलते. काचा बारीक वाजतात. मग तीच मुलगी पुन्हा गाते, या वेळी थोडी बरी. पुन्हा. पुन्हा. तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहा. तास संपायला वेळ आहे आणि बाईंना घाई नाही. स्थानिक संगीत महाविद्यालयातही त्या शिकवतात, आणि अजूनही मंचावर जातात. कार्यक्रमाच्या अखेरीस स्वतः पियानोवर बसून आपल्या मातीतली लोकगीतं म्हणायची, ही त्यांची फार जुनी सवय. १९५२ च्या नोव्हेंबरात त्या गेल्या. ल्विव्हच्या लिचाकिव स्मशानभूमीत लेखक इवान फ्रान्को यांच्या जवळच त्यांची जागा आहे.

पण नाव त्यांच्याबरोबर गेलं नाही. आणखी एका सोलोमियाला भेटू. १९९० ची शरद ऋतूतली कीव्ह. हातात जाळीची पिशवी घ्या. कुठे काय मिळेल याचा नेम नाही, म्हणून इथे ती कुणी घरी ठेवून निघत नाही.

आधी रांग. साखरेची की साबणाची, हे पुढच्या बाईला विचारा. तिलाही नक्की माहीत नाही, पण रांग आहे म्हणजे काहीतरी असणार. पावसाची भुरभुर, ओल्या कोटांचा वास, पायाखाली चेस्टनटची कुजकी पानं. मग भुयारी रेल्वे. सरकता जिना इतका खोल जातो की वर चढणाऱ्यांचे चेहरे वाचून कंटाळा येईल तरी तळ येणार नाही. उबदार रबराचा आणि तेलाचा वास घेत बाहेर पडा, पाच मजले चढा, आणि एका लहानशा स्वयंपाकघरात शिरा. टेबलाशी चौघांची जागा, बसलेत आठ. चहा काळा कुळकुळीत, जॅम चमच्याने थेट तोंडात, काचांवर वाफ. आणि वाद! पुस्तकांवर, भाषेवर, कुणाला कसं गप्प बसवलं गेलं त्यावर.

अशाच स्वयंपाकघरांच्या शहरात सोलोमिया पाव्लिच्को राहते. कवी द्मित्रो पाव्लिच्को यांची मुलगी, साहित्याची अभ्यासक, तिशीतली. त्या दिवसांत ती कॅनडाला रोजच्या जगण्याची पत्रं लिहितेय: दुकानं, रस्ते, माणसांचे चेहरे. त्यांचं पुस्तक होईल. पुढे ती “ओस्नोवी” नावाची प्रकाशनसंस्था उभी करील, डी. एच. लॉरेन्सची “लेडी चॅटर्लीज लव्हर” आणि विल्यम गोल्डिंगची “लॉर्ड ऑफ द फ्लाइज” युक्रेनियनमध्ये आणील. १९९७ साली युक्रेनियन आधुनिकतावादावरच्या ग्रंथात ओल्हा कोबिल्यान्स्का आणि लेस्या उक्राइन्का या लेखिकांना ती नव्याने वाचील, चौकटीतल्या पूज्य तसबिरी म्हणून नाही, तर विचार करणाऱ्या, भांडणाऱ्या, प्रेम करणाऱ्या बायका म्हणून. १९९९ च्या शेवटच्या दिवशी अपघाताने ती गेली. वय ४१. जी पिढी आज युक्रेनमध्ये बायकांच्या लेखनावर मोकळेपणाने बोलते, तिची वाट तिने आधी तुडवून ठेवली.

या शहरातल्या कुठल्याही पुस्तकाच्या फळीवर हात फिरवा, तिसरीही सापडेल. लेखक कोत्सुबिन्स्की यांनी १९०१ साली लिहिलेल्या कथेतली सोलोमिया. वेठबिगारीतून पळालेल्या ओस्तापच्या मागे जायचं म्हणून ही बाई आपल्या वेण्या कापून टाकते, पुरुषाचे कपडे चढवते आणि डॅन्यूबच्या काठच्या उंच वेताच्या दलदलीत शिरते. ती कल्पनेतली, तरी युक्रेनच्या शाळांतल्या मुलांना शेजारच्या गल्लीतल्या बाईइतकी ओळखीची.

आता मोजे काढा, प्रवास संपत आलाय. आजच्या ल्विव्हमध्ये शेवटचा थांबा. ऑपेराच्या इमारतीला २००० सालापासून सोलोमिया क्रुशेल्नित्स्का यांचं नाव आहे, त्यांचं घर संग्रहालय झालंय. आणि बागेत घसरगुंडीजवळ कुणी “सोलोमिये!” अशी हाक मारली तर एकीपेक्षा जास्त पोरी वळून बघतील. गेल्या काही वर्षांत आईबापांनी हे नाव पुन्हा आवडीने ठेवायला घेतलंय.

त्या पोरींचे आईबाप मुलीला एका थोर गायिकेचं नाव देतात, हे तर आहेच. पण तुम्ही जे पाहून आलात त्यावरून मला तुम्हाला एवढंच सांगायचंय: तो गळा ला स्कालाने घडवला नाही, ब्रेशाच्या टाळ्यांनीही नाही. ज्या गावात कापणीपासून मर्तिकापर्यंत प्रत्येकजण गात होता आणि गाताना शेजारच्याचं ऐकत होता, त्या गावाने तो घडवला. आणि मुलीचं गाणं थांबू नये म्हणून लोकनिंदा अंगावर घेऊन कर्ज काढणाऱ्या एका बापाने. थोर आवाज हवे असतील तर आधी असं ऐकणारी घरं हवीत. तुमच्या घरातल्या पोरीने आज काही गुणगुणायला घेतलं, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि तिला खालचा सूर द्या.